नोंदवहीतली तिसरी बाई

मी धावायला लागले ती तब्येतीसाठी नाही. पत्रकामुळे लागले.

मी पत्रकं लिहिते. गुलाबी कागद, एका बाजूला छपाई, शेवटी तीन मागण्या. कागद गुलाबी असतो कारण प्रेसवाल्याकडे तोच कायम पडून असतो. त्यात विचारसरणी काही नाही. माझं त्यातल्या त्यात गाजलेलं पत्रक एका हातपंपाबद्दलचं. एका गावच्या यादीत दोन वॉर्डांत मिळून दोन हातपंप दाखवले होते. मी जाऊन पाहिलं तर पंप एकच, दोन्ही वॉर्डांच्या हद्दीवर. गावचा एकजण मला समजावत होता, "ताई, दोन्हीकडची माणसं पाणी भरतात. मग दोन नाही का झाले?" मी पत्रकाला मथळा दिला : 'एकालाच दोनदा मोजू नका'. यादी बदलली. पंप मात्र तसाच एकटा आहे.

धुळ्याला एक मंडळ मॅरेथॉन भरवतं. पुरुषांना बेचाळीस किलोमीटर आणि महिलांना दहा. दहा किलोमीटर धावणाऱ्या महिलांना शिवाय एक स्टीलचा डबा. मी पत्रक काढलं : 'दहा किलोमीटरची दया नको'. त्यात एक वाक्य होतं, आम्हाला सवलत नको, पुरुषांना जो नियम तोच आम्हाला. हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते जाड टायपात घेतलं.

मंडळाच्या अध्यक्षांचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांनी मला दुकानात बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "दिला गट. बेचाळीस. पण एक आहे ताई, कमीत कमी तीन बायांनी साडेसहा तासांत पूर्ण केली पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी गट बंद."

"पुरुषांना आहे का अशी अट?"

"पुरुष येतातच. बायका येतील की नाही ते तर कळू द्या." मग त्यांनी कपबशी बाजूला सारली. "तुम्ही स्वतः पळणार ना?"

"अर्थात," मी म्हणाले.

सातवीनंतर मी धावले नव्हते. सातवीतही संगीतखुर्चीत धावले होते.

जळगावात मेहरूण तलावाशी पहाटे साडेपाचला एक गट पळतो असं कळलं म्हणून मी तिथे गेले. गट म्हणजे दोन बायका आणि सायकलवर एक म्हातारे. म्हातारे म्हणजे नाना. एसटीतले निवृत्त कंडक्टर, तीस वर्षं बोदवडच्या गाडीवर. गुडघ्यामुळे ते स्वतः कधीच पळाले नव्हते. मग शिकवता कसे, असं मी विचारलं.

"पळणारी माणसं मी तीस वर्षं पाह्यली," नाना म्हणाले. "सगळी गाडीच्या मागं. कोण पोचंल आन कोण नाही, मला दुरून कळतं. तू किती पळते?"

"बेचाळीस पळायचंय."

"पळायचं किती ते नाही इचारलं. पळते किती?"

"...त्या टपरीपर्यंत."

"मग टपरीपर्यंत जाऊन ये."

मी गेले. येताना चालत आले. नानांनी सायकलच्या हँडलला बांधलेल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं नाही.

त्या गटाचा एकच नियम होता आणि तो एसटीतून आलेला होता. शेवटचा प्रवासी चढल्याशिवाय डबल बेल नाही. जी आधी पोचेल तिने टपरीजवळच्या निंबाच्या झाडाला हात लावायचा, मागे वळायचं आणि सगळ्यात शेवटी जी असेल तिला घेऊन यायचं. सगळ्या मिळून निंबाजवळ आल्या की नाना सायकलची घंटी दोनदा वाजवणार. मग चहा. आधी नाही. पाऊस असो, कुणाच्या घरी पाहुणे असोत, नियम म्हणजे नियम.

आधी पोचायची ती भाभी. शेवटी असायची ती मी.

भाभी चौतीस वर्षांची. नवरा कूलर दुरुस्त करतो, ती घरी शाळेचे गणवेश शिवते. ओढणी कमरेला गाठ मारून पळायची आणि पळताना तिच्या पायांचा आवाज होत नसे. पहिले दोन महिने ती माझ्यापायी रोज दोन-तीन किलोमीटर जास्त पळाली. माझ्यामुळे तुझा दम वाढला, असं मी तिला एकदा बोलून दाखवलं. तिने माझ्याकडे बघत बघत पाणी पिऊन घेतलं.

भाभीला बेचाळीस का हवं होतं ते तिने एकदाच सांगितलं, बुटाची नाडी बांधताना. "घरात दिवसभर मशीन चालते ना, ती बंद केली तरी डोक्यात चालूच राहते. पंचवीस किलोमीटरच्या पुढे बंद होते. मैंने गिना है. दहात काय होणार? दहात तर फक्त सुई बदलते." तिच्या घरच्यांनी वर्षातून एक मॅरेथॉन मान्य केली होती. पळून त्याच दिवशी रात्रीच्या आत परत येता येईल अशी ती एकच होती, धुळ्याची.

दुसऱ्या अक्का. पंचेचाळिशीच्या, माहेर साक्रीकडचं, एका शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांना का पळायचं होतं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "तू पयले पय, मंग इचार."

रविवारी लांबची धाव असायची, शिरसोली रोडने. तीस किलोमीटरच्या रस्त्यावर पुरुष कुठेही उभे असतात, त्यावर पत्रक काढायचं तर कागद पुरणार नाही. बायकांसाठी काहीही नाही. अक्का कपाशीच्या शेतात जायच्या. "कपाशी उभी शे तवरी आपलं राज्य शे," त्या म्हणायच्या. धुळ्याची मॅरेथॉन जानेवारीत होती. जानेवारीत कपाशी उपटलेली असते. मी दुसरं पत्रक काढलं, वळणाच्या ठिकाणी महिलांसाठी शौचालय हवं म्हणून. भाऊंनी फोनवर "हो हो, करू" म्हटलं. ते मी लेखी घेतलं नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

डिसेंबरात मी बत्तीस किलोमीटर पळाले. त्या दिवशी नानांनी मला वही दाखवली. पहिल्या दिवशी माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं : 'हात दाखवते, पण गाडी मिळणार नाही.' ते त्यांनी खोडलं नव्हतं. खाली नवीन लिहिलं होतं : 'सहा तास वीस. भांडली नाही तर.'

शर्यत पहाटे पाचला सुटली. आम्ही आदल्या संध्याकाळी धुळ्याला अक्कांच्या मावसबहिणीकडे उतरलो होतो. महिलांच्या बेचाळीसच्या गटात तीन नावं होती, ती तिन्ही आमची. म्हणजे हिशेब अगदी सोपा होता : तिघींपैकी एकही कमी पडून चालणार नव्हतं. साक्री रोडने एकवीस किलोमीटर जायचं, वळायचं आणि आलेल्या रस्त्याने परत. नानांना सायकल आणायची परवानगी नव्हती. त्यांनी सायकलची नुसती घंटी काढून खिशात घालून आणली होती.

पहिले एकवीस किलोमीटर चांगले गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

वळणावर मांडव होता. पाणी, केळी, मीठ-साखर. आणि हिरव्या कापडाचा एक आडोसा, त्यावर पाटी : 'पुरुष'. दुसरा आडोसा मी शोधला. नव्हता.

मी थांबले.

मांडवात एक शिक्षक स्वयंसेवक म्हणून होते. मी विचारलं, "महिलांचं कुठे आहे?"

"ताई, बायका इतक्या लांब येतील असं वाटलं नव्हतं."

"आम्ही आलोय."

"हो ना. तेच तर."

"मग लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"की सोय नाही."

त्यांच्याकडे पेन नव्हतं. पेन आणलं तर कागद नव्हता. शेवटी केळ्यांच्या खोक्याचा एक तुकडा फाडला. 'वळणाच्या ठिकाणी महिलांकरिता सोय केलेली नाही', खाली सही. मी तारीख घालायला लावली. तारखेवरून थोडी चर्चा झाली, त्यांना ती आठवत नव्हती. पुठ्ठा मी कमरेच्या पिशवीत ठेवला. या सगळ्याला सहा मिनिटं लागली.

अक्का माझ्याआधी तिथून गेल्या होत्या. त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. त्यांनी मांडवातल्या दोन पुरुषांना हिरव्या कापडाकडे पाठ करून उभं केलं, कुणाला येऊ द्यायचं नाही असं बजावलं, आत गेल्या, बाहेर आल्या, केळं घेतलं आणि निघाल्या. त्यांना दोन मिनिटं लागली. मला सहा लागली, आणि मी गेलेच नाही.

तिसाच्या पुढे माझे पाय माझं ऐकेनासे झाले. ऊन चढलं. साक्री रोडवर ट्रॅक्टर, ट्रक आणि ऊस यांची आपली कामं चालू होती, आणि त्यांच्या कडेने मी. एक मोटारसायकलवाला जवळ आला, म्हणाला, "ताई, सोडू का धुळ्याला?" मी नाही म्हटलं. पुढे जाऊन तो पुन्हा थांबला. "पैसे नको मला," म्हणाला. त्याला माझी खरोखरच काळजी वाटत होती, त्यामुळे मला त्याच्यावर रागावताही आलं नाही.

चाळीसाव्या किलोमीटरच्या आसपास समोरून भाभी येताना दिसली. तिच्या मागे शंभर पावलांवर अक्का, लंगडत. दोघींच्या गळ्यात पदकं होती. मला रडायला आलं, पण त्याला पाणी लागतं.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"वेळ मला विचारू नकोस. पाय उचल."

"तुम्ही कशाला आलात? तुमचं झालं होतं ना."

"बेल कुठे झाली?" भाभी म्हणाली.

अक्कांनी माझा दंड धरला. "चाल वं माय. बठ्ठा लोके घर गयात. मांडव सोडी ऱ्हायनात."

मांडव सोडताहेत, हे अगदी शब्दशः खरं होतं. शेवटाला हवा भरलेली निळी कमान होती. आम्ही मैदानात शिरलो तेव्हा तिची हवा काढली होती आणि ती आडवी पडली होती. तिच्याखालून जायची सोयच नव्हती, म्हणून मी तिच्यावरून गेले. नानांनी खिशातली घंटी काढली, दोनदा वाजवली आणि घड्याळाकडे बघून दुसरीकडे पाहिलं. सहा तास चौतीस मिनिटं.

चार मिनिटं.

मी तिथेच मातीत बसले. भाभी शेजारी बसली आणि तिने बूट काढले. तेवढ्यात व्यासपीठावरून भाऊंचा आवाज आला : "आणि सांगायला आनंद होतो, की यंदा महिला गटात तीन, मी पुन्हा सांगतो, तीन भगिनींनी दिलेल्या वेळेत बेचाळीस किलोमीटर पूर्ण केलं! पुढच्या वर्षीही हा गट राहणार!"

भाभीने माझ्याकडे पाहिलं. मग मला अशी मिठी मारली की माझ्या पिशवीतल्या पुठ्ठ्याला घडी पडली. "धरलं तुला! चार मिनट कौन देखता है!" अक्का म्हणाल्या, "गाडी पास व्हई गयी." त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी उठून नोंदवही बघायला गेले. शंका होती म्हणून नाही. यादी दिसली की मी बघते, सवय आहे.

वही एका निवृत्त तलाठ्यांनी लिहिली होती. अक्षर सुंदर. छातीवरचा क्रमांक, वेळ आणि पुढे 'पु' किंवा 'स्त्री'. साडेसहा तासांखाली लाल रेघ. रेघेच्या वर तीन वेळा 'स्त्री' होतं. पाच तास दहा मिनिटं, क्रमांक एकशे सात. पाच एकावन्न, एकशे नऊ. पाच एकावन्न, एकशे सात.

एकशे सात म्हणजे भाभी. ती पाच तास दहा मिनिटांनी आली, पदक घेतलं, पाणी प्यायली आणि नियमाप्रमाणे मागे वळून अक्कांना आणायला गेली. दोन किलोमीटरवर अक्का भेटल्या, त्यांना हाताला धरून ती पुन्हा कमानीखालून आली.

"एकशे सात दोनदा आहे," मी म्हणाले.

"दोनदा आल्या त्या," तलाठी म्हणाले. "नजरेसमोरून गेलं ते लिहिलं. नोकरीभर हेच केलं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. भाभीचं तर अजिबातच नाही. भाऊंनी 'स्त्री' मोजल्या, त्या तीन भरल्या.

चहा मिळत होता. मी एक कप घेतला आणि तो संपेपर्यंत कुणालाही काही सांगितलं नाही. त्या कपात मी बरेच मुद्दे काढले. भाभी खरं तर सेहेचाळीस किलोमीटर पळाली होती. आता ती मला आणायला गेली होती ते धरलं तर पन्नास. शिवाय पुरुषांना अट नव्हती, म्हणजे अटच अन्यायाची, आणि अन्यायाची अट चुकीने पूर्ण झाली तर बिघडलं काय? दोन्ही वॉर्डांची माणसं पाणी भरतात, मग दोन नाही का झाले? इथे मी थांबले. चहा तसाही संपला होता.

आधी भाभीला सांगितलं.

तिने बूट पुन्हा घालायला घेतले. "तू सांगणार त्यांना?"

"हो."

"मी मागे का गेले होते? कमानीखाली फोटो काढायला?"

"नाही. नियम आहे म्हणून."

"और तू मोड़ पर किसके लिये रुकी थी?"

तिला अक्कांकडून कळलं होतं. अक्कांना परतीच्या रस्त्यावर मागे वळून बघताना लांबून मी दिसले होते, मांडवात हात वर करून बोलताना.

"सगळ्या बायकांसाठी," मी म्हणाले.

"सगळ्या बायका साडेसहा तासांच्या आत आल्या," भाभी म्हणाली.

मी तलाठ्यांकडून वही घेतली आणि भाऊंकडे गेले.

भाऊंना सांगितलं तेव्हा ते सतरंज्या मोजत होते. त्यांनी वही पाहिली, मला पाहिलं, मान हलवली. मग आवाज खाली आणला. "ताई, चार मिनिटांचंच आहे ना? तुमचं सहा एकोणतीस लिहायला लावतो. तीन झाल्या. विषय संपला."

"सवलत नको," मी म्हणाले.

"काय?"

"माझ्या पत्रकात आहे. जाड टायपात."

"वाचलंय मी." त्यांनी हातातली सतरंजी खाली ठेवली. "तुमच्याशी भांडत होतो ते बरं होतं. मग आता माइकवर काय सांगू?"

"दोन."

त्यांनी सांगितलं. मैदानात तेव्हा वीस-पंचवीस माणसंच होती, त्यातली निम्मी खुर्च्या उचलत होती. भाभीला पहिल्या क्रमांकाची ढाल मिळाली. तिने ती पिशवीत उलटी घातली, अक्षरं खाली. मी पुठ्ठाही भाऊंना दिला. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. "ही केळ्याची पेटी आहे," म्हणाले. मी पोच मागितली.

परतीच्या एसटीत माझ्याशेजारची सीट पारोळ्यापर्यंत रिकामी होती. भाभी आणि अक्का पुढे बसल्या. पारोळ्याला नाना माझ्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाले, "बरोबर केलं." एरंडोलला म्हणाले, "वळणावर केलं ते नाही."

महिन्याभराने मंडळाचं पत्र आलं. तीन महिलांनी वेळेत शर्यत पूर्ण न केल्याने पुढील वर्षी महिलांकरिता दहा किलोमीटर. स्टीलचा डबा कायम. शौचालयाबाबत सूचनेची नोंद घेतली आहे. पत्र मी तलावावर नेलं आणि निंबाखाली वाचून दाखवलं. भाभीने ऐकलं आणि पळायला निघून गेली.

धुळ्याहून आल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. पण रोज निंबाला हात लावून मला आणायला येत होती. यायची, वळायची, माझ्या उजव्या हाताला एक पाऊल पुढे पळायची. नानांची डबल बेल व्हायची, ती चहा पिऊन जायची. मी दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिने वेग वाढवला आणि मला दम लागून वाक्य अर्धं राहिलं.

पत्र आल्यानंतरच्या रविवारी शिरसोली रोडवर सव्विसाव्या किलोमीटरला ती मला न्यायला आली. पाऊण किलोमीटर गप्प पळाली. मग समोर बघतच म्हणाली, "नवीन परचा काढणार असशील."

"हो."

"काय लिहिणार? सांग."

मी वेग कमी केला. मला नीट सांगायचं होतं.

"थांबायचं नाही," भाभी म्हणाली. "जे बोलायचं ते पळता पळता. रुकी तो मैं जाती हूँ."

मागून अक्का ओरडल्या, "मालेबी ऐकू येऊ दे वं!"

मी सुरू केलं. माझी पत्रकं 'लोकशाहीच्या मूल्यांशी बांधिलकी मानणाऱ्या प्रत्येक' अशी सुरू होतात. 'मूल्यांशी'पाशीच दम संपला. पुन्हा सुरू केलं. एका श्वासात तीन-चार शब्दांच्या वर काही मावत नव्हतं. चौथा शब्द लांब असला तर तोही नाही. जे मावलं ते भाभी मोठ्याने परत म्हणायची आणि अक्का मागून पुढे काय ते विचारायच्या. निंबापर्यंत पत्रक झालं. डबल बेल झाल्यावर नानांनी ते सायकलच्या वहीत उतरवून घेतलं. प्रेसवाल्याने पान बघून विचारलं, बाकीचं कुठे आहे?

बाकीचं नव्हतं. ते असं :

दोघी वेळेत आल्या. तिसरी उशिरा आली. तिसरी मी. चार मिनिटं उशीर. चूक माझी. अट तुमची. पुरुषांना अट नाही. अट काढा. वळणावर आडोसा बांधा. जानेवारीत आम्ही येतोय. तिघी. बेचाळीस.